दमलेल्या दिवसांसाठी बायबल घेताना: तक्ता, मोठं अक्षर आणि कानातला आवाज

नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात एक कागद घरोघर येतो. कुठे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कॅलेंडरमागे छापलेला, कुठे पाळकांनी झेरॉक्स काढून भक्तीनंतर वाटलेला, अलीकडे व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन आलेला. वर ठळक अक्षरांत ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’, खाली ३६५ घरं. जानेवारीतली पहिली वीसेक घरं पेनाने हौसेने भरली जातात. मग सांगलीकडे हळदीची काढणी, कारखान्याचं गाळप, मुलांच्या परीक्षा, मिरजेतल्या एखाद्या दवाखान्यातली रात्रपाळी यांत एकेक घर मोकळं राहू लागतं. फेब्रुवारीच्या मध्यावर तो कागद घडी होऊन बायबलच्या मागच्या पानात जातो आणि माणूस स्वतःवर शिक्का मारतो, ‘माझा विश्वास गार झाला.’

आमचं म्हणणं, आधी कागद तपासा.

हे परीक्षण त्या कागदाचं आहे, आणि जोडीने आणखी काही वस्तूंचं: महिन्याभरात स्तोत्रं पुरी करायची जुनी वाटणी, छापील बायबल, मोबाइलवरचं ऐकायचं बायबल आणि गीतांचं पुस्तक. कसोटी एकच लावली आहे. धडधाकट दिवशी कुठलंही बायबल चालतं. प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, वचन डोळ्यांखालून नुसतं सरकतं, रविवारी भक्तीला जायला पाय निघत नाही, अशा दिवशी ही वस्तू उघडली जाते का?

तक्त्याचा हिशेब

प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. ३६५ ने भागा, रोज सव्वातीन अध्याय पडतात. वीस मिनिटांचं काम, फार झालं तर पंचवीस. इथवर तक्रार नाही.

आता क्रम बघा. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय साधारण २८ जानेवारीला संपतात. गोष्टी आहेत, वाचणारा ओढला जातो. पण निर्गमाच्या उत्तरार्धातच निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे, पडदे, कड्या, खुंट्या आणि मापं सुरू झालेली असतात. मग लेवीयाचे २७ अध्याय, यज्ञांचे नियम आणि त्वचेवरच्या चट्ट्यांची तपासणी, ५ फेब्रुवारीपर्यंत. त्यामागे गणना, शिरगणतीच्या याद्यांसकट, १६ फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे जानेवारीची हौस ओसरते नेमक्या त्याच आठवड्यात हा तक्ता सगळ्यांत उभा चढ समोर टाकतो. लेवीय निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. इब्री लोकांस पत्र आधी वाचा आणि मग लेवीय उघडा, तेच यज्ञ बोलायला लागतात. चूक क्रमाची आहे.

याहून मोठी अडचण पुढे आहे. या सरळ क्रमाने स्तोत्रसंहिता हाताला लागते २७ मेला. मत्तय सुरू होतं १३ ऑक्टोबरला. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ ही मत्तय ११:२८ मधली हाक तक्त्यात येते १६ ऑक्टोबरला. जानेवारीत मोडून पडलेल्या माणसाने ती ऐकायला साडेनऊ महिने थांबायचं!

चुकलेल्या दिवसांचंही तसंच. दहा दिवस तापात गेले तर ३३ अध्याय थकबाकी. सोसायटीच्या कर्जाला निदान पुनर्गठन तरी होतं. इथे रोज नवे सव्वातीन चढत जातात आणि बहुतेक छापील तक्त्यांत एकही मोकळा दिवस नसतो. आठवड्याला पाच दिवसांचे तक्ते मिळतात, शनिवार-रविवार भरपाईला ठेवलेले. त्यांत रोजचं प्रमाण साडेचार अध्यायांवर जातं, म्हणजे सुट्टी मिळते पण ओझं वाढतं. दमलेल्याला दोन वर्षांचा तक्ता बरा, रोज दीड-पावणेदोन अध्याय. रोज एकच अध्याय धरला तर सव्वातीन वर्षं लागतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक तक्ता मात्र वेगळ्या जातीचा आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी तो १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केला. त्यात १ जानेवारीला उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १ असे चार अध्याय येतात. येशू पहिल्याच दिवशी भेटतो. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. चारांपैकी दोन अध्याय कुटुंबात वाचायचे, दोन एकांतात; थकव्यात यातला एकच रकाना धरला तरी तक्ता मोडत नाही, ही त्याची खरी खुबी. आणखी एक गोष्ट आम्हाला आवडते. तक्त्याबरोबर मॅकचेन यांनी त्याचे धोकेही लिहून दिले होते: उरकण्याची सवय लागेल, आपण धार्मिक झालो असा गर्व चढेल, बेफिकीर वाचन होईल, आणि जू पेलणार नाही इतकं जड होईल. औषधाच्या डबीत दुष्परिणामांची चिठ्ठी घालणारा तक्तेवाला विरळाच.

साध्या वार्षिक तक्त्याला दमलेल्या माणसाच्या बाजूने आम्ही पाचपैकी दोन गुण देतो. त्यातला एक तो फुकट मिळतो म्हणून.

महिन्याची स्तोत्रं

अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली वाटणी अशी: १५० स्तोत्रं, ३० दिवस, सकाळ आणि संध्याकाळ. तारीख हेच घड्याळ. १ तारखेला सकाळी स्तोत्र १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. ८ तारखेच्या संध्याकाळी ४१ ते ४३. १७ च्या सकाळी ८६ ते ८८. ११९ वं स्तोत्र १७६ ओव्यांचं (बायबलमधल्या वचनांना ओव्या म्हणतात), म्हणून त्याचे पाच तुकडे केलेत, २४ च्या संध्याकाळपासून २६ च्या संध्याकाळपर्यंत. महिना ३१ चा असेल तर ३० तारखेचीच स्तोत्रं पुन्हा म्हणायची.

हिचा फायदा सरळ आहे: थकबाकी नावाचा प्रकारच नाही. ९ ते १३ तारीख बुडाली? १४ ला १४ चं वाचा. बुडालेली स्तोत्रं पुढच्या महिन्यात त्याच तारखांना आपोआप परत येतात. कॅलेंडर भिंतीवर असतंच, वेगळा कागद सांभाळायला नको.

पूर्ण मात्रा मात्र दमलेल्याला झेपत नाही. १५ च्या संध्याकाळी एकटं ७८ वं स्तोत्र येतं, ७२ ओव्यांचं इतिहासकथन. ते अर्ध्यावर सुटतं. आमची शिफारस निम्म्याहूनही कमी मात्रेची आहे. त्या वेळच्या गटातलं एकच स्तोत्र निवडा, शक्यतो सगळ्यांत छोटं, आणि ओठ हलवत वाचा. मनातल्या मनात वाचलं की मन ओवीच्या पुढे पळतं, गॅसवर दूध ठेवलंय का ते आठवतं. आवाज थोडा जरी फुटला तरी वेग उतरतो.

काय निवडाल याचा नमुना देतो. १३ वं स्तोत्र अवघं सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न देवालाच पुन्हा पुन्हा टाकलेला, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. प्रार्थनेचा सांगाडाच समजा. पहिल्या दोन ओव्या म्हणून तुम्ही थांबलात तरी ती प्रार्थनाच झाली. ४२ आणि ४३ जोडून वाचा, कारण ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ ही ओळ ४२ मध्ये दोनदा आणि ४३ च्या शेवटी तिसऱ्यांदा येते. एकच माणूस तीन वेळा स्वतःची समजूत काढतोय आणि पहिल्या दोन वेळांनी ती पुरलेली नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. १८ ओव्यांत कुठेही उजाडत नाही. ‘असं कसं छापलं?’ म्हणून लोक ते टाळून ८९ वर जातात. टाळू नका. शास्त्रात हे स्तोत्र आहे याचा अर्थ असं बोलणाऱ्यालाही देवासमोर जागा आहे.

इथेच वचनांच्या चिठ्ठ्यांच्या डबीबद्दल दोन शब्द. रंगीत कागद, रोज एक चिठ्ठी ओढायची. दिसायला गोड, द्यायला भेट म्हणून छान, पण थकव्यात ही डबी लवकर खोटी वाटू लागते, कारण तिच्यात १३ व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओव्या असतात आणि पहिल्या दोन नसतात. यिर्मया २९:११ ची चिठ्ठी जवळपास प्रत्येक डबीत सापडेल: हिताचे संकल्प, आशेचा शेवट. तिच्या आदल्याच ओवीत बाबेलातल्या बंदिवासाची सत्तर वर्षं सांगितली आहेत, ती चिठ्ठीवर मावत नाहीत. डबी घरात असेलच तर चिठ्ठी ओढल्यावर बायबल काढून मागच्या-पुढच्या पाच ओव्या वाचा. तेवढ्याने ती कामाला येते.

कॅथलिक घरांत हा प्रश्न थोडा वेगळा सुटतो. तिथे रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं असतं, निवड करण्याचं ओझंच वाचकावर नाही. प्रॉटेस्टंट वाचकानेही ते बिनधास्त उसनं घ्यावं.

छापील पुस्तक: काउंटरवर काय तपासाल

बायबल विकत घेताना लोक कव्हर बघतात. चामड्यासारखं रेक्झिन, चेन, सोनेरी कड. थकलेल्या डोळ्यांना यातलं काही उपयोगी पडत नाही.

पहिलं, अक्षर. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षर असा दोन्हीकडे पसारा असतो, म्हणून इंग्रजीत चालणारा आकार मराठीत बारीक पडतो. पुस्तक उघडून हाताच्या अंतरावर धरा आणि ‘राष्ट्र’, ‘सिद्ध’, ‘स्त्री’, ‘ख्रिस्त’ हे शब्द शोधा. ‘ष्ट्र’ मधला र दिसत नसेल, ‘द्ध’ चा नुसता काळा ठिपका होत असेल, तर ती आवृत्ती रात्री साडेदहाला ट्यूबलाइटखाली उघडली जाणार नाही. खिशात मावणारे नवा करार इथेच बाद होतात. ते वाटायला असतात, वाचायला नव्हे.

दुसरं, बांधणी. पुस्तक मिटून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. पानांचे छोटे छोटे दुमडलेले गठ्ठे, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसले आणि मधल्या घडीत दोरा दिसला तर शिलाई आहे. सपाट कापलेली पानं आणि डिंकाचा थर दिसला तर ते नुसतं चिकटवलेलं आहे. स्तोत्रांच्या पानांवर ते दोन-तीन वर्षांत उकलतं, कारण पुस्तक मधोमध तिथेच सारखं उघडतं. मग टेबलावर स्तोत्र ९० च्या आसपास उघडून हात काढा. आपोआप मिटलं तर नको. हात न लावता उघडं राहणारं पुस्तक भाकऱ्या थापताना ओट्यावर ठेवता येतं, गोठ्यातून आल्यावर ओल्या हाताने पान न उलटता वाचता येतं.

तिसरं, वजन. संपूर्ण बायबल मोठ्या अक्षरांत घेतलं की पाट्यासारखं जड होतं. आजारी, म्हातारं किंवा नुसतं दमलेलं माणूस ते पडल्यापडल्या धरू शकत नाही. आमचा सल्ला दोन पुस्तकांचा: भक्तीला न्यायला आणि अभ्यासाला जे घरात आहे ते, आणि उशाशी मोठ्या अक्षरांत फक्त नवा करार व स्तोत्रसंहिता. स्तोत्रांच्या ओळी कवितेसारख्या तोडून छापल्यात का तेही बघा. सलग परिच्छेद असेल तर श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही.

कागद पातळ असणारच, एवढी पानं एका पुस्तकात बसवायला दुसरा इलाज नसतो. म्हणून बॉलपेन आणि ओला हायलायटर लांब ठेवा. खुणा पलीकडच्या पानावर उमटतात आणि सहा महिन्यांनी दोन्ही पानं वाचवत नाहीत. मऊ शिशाची पेन्सिल किंवा पिवळा खडूपेन्सिल पुरे.

साताऱ्याच्या वाचकांसाठी एक खास सूचना. याच जिल्ह्यात माण-खटावला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. माणात बायबल वर्षानुवर्षं खणात राहतं. महाबळेश्वर, पाचगणी, कोयनेच्या खोऱ्यात मात्र जूनमध्ये चेनच्या कव्हरात बंद केलेलं पुस्तक सप्टेंबरमध्ये उघडलं तर पानांच्या कडा लहरी झालेल्या, कण्यावर पांढरी बुरशी. चेन पावसाळ्यात उघडी ठेवा, कव्हरात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, पुस्तक भिंतीला टेकवू नका. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे ते रोज उघडणं, पानांना वारा लागतो.

कोणतं मराठी

मतं इथे पुष्कळ, आमचं थोडक्यात. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ म्हणजे मराठी व्यासपीठावरची सवयीची भाषा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही’ हे लहानपणापासून कानात बसलेलं असतं. थकव्यात स्तोत्रं याच भाषेत वाचावीत, कारण डोळ्यांनी अर्धी ओळ पकडली की उरलेली अर्धी तोंडातून आपणच येते. नव्या, सोप्या भाषांतरात ती आधाराची काठी नाहीशी होते. उलट पौलाची पत्रं, विशेषतः रोमकरांस, जुन्या लांब वाक्यांत दमछाक करतात. तिथे साध्या मराठीतलं भाषांतर मोबाइलवर उघडून शेजारी ठेवा.

शब्दांची एक गंमतही सांगतो. गलतीकरांस ६:९ मध्ये ‘आपण न खचलो तर यथाकाळी आपल्या पदरी पीक पडेल’ असं आहे. ‘यथाकाळी’ हा शब्द वाळवा-कऱ्हाडकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. आठव्या महिन्यात फडात उभं राहून ‘साखर कुठाय?’ असं कोणी विचारत नाही.

कानातला आवाज

सगळ्या वस्तूंत आम्ही सर्वांत वरचा नंबर याला देतो, पाचपैकी साडेचार. कारण असं की वाचायला इच्छा लागते, ऐकायला नुसतं बटण दाबावं लागतं. मराठी नवा करार ऐकायला मोबाइलवर मोफत मिळतो. यूव्हर्जन आणि बायबल डॉट इज ही दोन ॲप जास्त वापरात आहेत.

घरी वायफाय किंवा चांगली रेंज असताना आवाज आधी उतरवून घ्या. पाटण किंवा जावळीच्या बाजूला गेलं की मध्येच अडकतं, आणि अडकलेलं वचन दमलेला माणूस पुन्हा सुरू करत नाही. उतरवल्यावर फोन विमान मोडवर टाका, नाहीतर दुसऱ्या ओवीला व्हॉट्सॲप वाजतं. एकट्या वाचकाचा आवाज आणि पार्श्वसंगीतासह अनेक पात्रांचे आवाज अशी दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणं असतात. वादळ, गर्दी, ढोल असलेलं मुलांना आवडतं, थकलेल्याला एकटा आवाज बरा. वेग वाढवू नका. झोपताना लावत असाल तर स्लीप टाइमर दहा मिनिटांवर ठेवा, नाहीतर एक अध्याय संपून पुढचे आपोआप चालू राहतात आणि सकाळी आपण कुठे होतो ते सापडत नाही.

प्रमाणाचा अंदाज: फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं, पाव तासाच्या आसपास. मार्क १६ अध्यायांचं, साधारण दीड ते दोन तास. सातारा-सांगली एसटीत बसलात तर मार्क एका बैठकीत संपतं आणि खिडकीबाहेर बघायला वेळही उरतो. शुभवर्तमान एका दमात ऐकलेलं असण्याचा अनुभव फार थोड्या विश्वासणाऱ्यांना असतो, कारण रविवारी ते कायम दहा-बारा ओव्यांच्या तुकड्यांत येतं. रस्त्याने चालताना किंवा गाडीवर मात्र कानात काही घालू नका.

अर्धा गुण कापला तो सलग दिवस मोजणाऱ्या आकड्यासाठी. ‘४३ दिवस सलग’ दिसतं तोवर हुरूप येतो. ४४ व्या दिवशी घरात मयत झालं आणि आकडा शून्यावर आला की ॲप उघडायचीच नकोशी वाटते. असा आकडा दिसत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका आणि आठवणीच्या सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. वाचन-योजना घेतली असेल आणि मागे पडला असाल तर राहिलेलं भरून काढण्याऐवजी तारखाच पुढे सरकवण्याची सोय यूव्हर्जनमध्ये योजनेच्या सेटिंगमध्ये आहे. ती वापरा. छापील कागदाला ही बुद्धी नसते.

गीतांचं पुस्तक

‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक बहुतेक घरांत असतं आणि फक्त रविवारी पिशवीतून बाहेर निघतं. ते उशाशी आणा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक अखेरच्या काळात साताऱ्यात होते, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथूनच मांडला. या पुस्तकातली त्यांची भजनं अभंग-ओवीच्या चालीत असल्यामुळे पाठ व्हायला कष्ट पडत नाहीत आणि पेटी नसली तरी म्हणता येतात. थकव्यात तीनच गीतं ठरवा, महिनाभर तीच. पहिलं कडवं आणि ध्रुपद पुरे. गळा साथ देत नसेल तर नुसतं वाचा. यूट्यूबवर शोधायला गेलात तर तिसऱ्या व्हिडिओला भलतंच काही चालू होतं, तेव्हा पुस्तकच बरं.

जे दुकानात मिळत नाही

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो. वार्षिक तक्त्यात हा अध्याय ६ एप्रिलला येतो, थकलेल्याने तो आजच वाचावा. देवदूत त्याला आधी उपदेश करत नाही. झोप, भाजलेली भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर-पाणी. होरेब पर्वतापर्यंतचा चाळीस दिवसांचा रस्ता आणि देवाशी बोलणं नंतर.

म्हणून आत्मिक कोरडेपणा असं नाव देण्यापूर्वी अंगाची तपासणी करा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ या रक्ततपासण्या सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा सगळीकडे होतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नकोसं झालं असेल, तर डॉक्टर गाठा. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. ‘अजून थोडी प्रार्थना करा’ हे उत्तर तिथे पुरत नाही, आणि ते पाळकांकडून आलं तरी पुरत नाही.

सोबत हवी. इब्री १०:२५ मधलं ‘एकत्र मिळणे’ थकव्यात आधी सुटतं. सगळ्या मंडळीसमोर साक्ष द्यायची गरज नाही. एक माणूस पुरे. रात्री नऊला फोन, एक स्तोत्र, एका दिवशी त्याने वाचायचं, दुसऱ्या दिवशी तुम्ही. पाच मिनिटांत फोन खाली. वाचून झाल्यावर चर्चा लांबवू नका, नाहीतर चौथ्या दिवशी दोघांनाही फोन नकोसा होतो. घरप्रार्थनेला जमत नसेल तर जाऊन नुसतं मागे बसा. प्रार्थनेची पाळी आली तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा. ती उसनी प्रार्थना आहेच, शिष्यांनी मागून घेतलेली.

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम इथे सोन्यासारखा आहे: उदास काळात आधीचा निर्णय बदलू नये. संडे स्कूल सोडणं, मंडळी बदलणं, तरुण संघाचा राजीनामा, सगळं दोन महिने पुढे ढकला. त्यांचा दुसरा सल्ला, अशा वेळी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसावं, हा मात्र लोक चुकीचा लावतात आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास करून आठवड्यात कोसळतात. वेळ आधी लहान करा, सात मिनिटं म्हणा. मग त्या सातांवर आठवं मिनिट बसा.

तक्त्याकडे परत येताना

स्तोत्रं आणि ऐकणं दीड-दोन महिने बसलं की वाचन वाढवायला हरकत नाही. पहिलं मार्क, रोज एक अध्याय, सोळा दिवस. मग फिलिप्पैकरांस चार दिवस. मग रूथ, तेही चारच अध्याय. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय. लेवीयाला हात लावण्याआधी इब्री.

मागच्या पानातला तो वार्षिक कागद फेकू नका. तारखांच्या रकान्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा, घरांना नुसते क्रमांक द्या आणि पेन्सिलने भरा. ४१ नंतर ४२ येतं, मध्ये कितीही दिवस गेलेले असोत.